गोळी रात्रीची, चहा दुपारपर्यंतचा

गर्भनिरोधक गोळी सुरू करणाऱ्या बाईला दवाखान्यात दोन वाक्यं हमखास ऐकायला मिळतात. "रोज एकाच वेळी घ्या" आणि "विसरू नका". वेळ कोणती निवडायची, ती इतकी काटेकोर का पाळायची, झोपेवर किंवा सकाळच्या उठण्यावर काही परिणाम होणार का, हे विचारायचं मनात असतं. पण बाहेर रांग असते, सोबत सासूबाई असतात, आणि प्रश्न तसाच राहतो. महिन्याभरात तक्रारी सुरू होतात. रात्री डोळा लागत नाही, अंग गरम लागतं, दुपारी पेंग येते. शेजारीण निदान करून टाकते, "गोळी उष्ण पडली तुला." पाकीट अर्ध्यावर कपाटात जातं, आणि पुढच्या महिन्यात पाळी चुकली की धाबं दणाणतं.

म्हणून गोळी शरीराच्या रोजच्या घड्याळात नेमका कुठे हात घालते, ते आधी पाहू. एक खुलासा सुरुवातीलाच करते. इथे 'गोळी' म्हणजे रोज घ्यायची हॉर्मोनची गोळी. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी माला-एन आणि दुकानात स्वस्तात मिळणारी माला-डी या दोन्हींत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी जोडी असते. प्रोजेस्टिन म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं बनवलेलं हॉर्मोन. खासगी डॉक्टर लिहून देतात त्यांपैकी बहुतेक गोळ्याही याच जातीच्या. 'छाया' मात्र वेगळी. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेल्या या औषधात हॉर्मोन नसतं. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्यातून एकदा ती घ्यायची असते. तांबीतही हॉर्मोन नसतं. त्यामुळे छाया किंवा तांबी वापरणाऱ्या बाईची झोप उडाली असेल, तर तिने कारण दुसरीकडे शोधावं.

आता ते 'उष्ण पडणं'. शरीराचं तापमान दिवसभर एकसारखं नसतं. पहाटे चार-पाचच्या सुमाराला ते सर्वांत कमी असतं, संध्याकाळी सर्वांत जास्त. रात्री ते उतरायला लागलं की झोप येते. बाईच्या शरीरात या रोजच्या चढउतारावर महिन्याची आणखी एक लाट असते. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि तापमान साधारण ०.३ ते ०.५ अंश सेल्सियसने चढतं. पाळी आली की पुन्हा उतरतं. गोळी घेणाऱ्या बाईचं स्त्रीबीज बाहेर पडत नाही, त्यामुळे ही लाट उरत नाही. मात्र गोळीतलं प्रोजेस्टिन रात्रीचं तापमान थोडं चढंच ठेवतं. पहाटे जितकं उतरायचं तितकं ते उतरत नाही, आणि दिवस-रात्रीच्या तापमानातलं अंतर कमी होतं.

म्हणजे शेजारणीचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. पण हा फरक अंशाच्या एका तुकड्याएवढा असतो. तो ताप नव्हे, 'अंगात उष्णता साठली' असंही नव्हे. गुलकंद, सब्जा जरूर खा, छान लागतो. गोळीचा हिशेब त्याने बदलत नाही. थर्मामीटर ९९ फॅरेनहाइट दाखवत असेल आणि बाकी तब्येत ठीक असेल तर गोळी थांबवायचं कारण नाही. १००.४ च्या वर गेला तर तो ताप आहे, आणि त्याचं कारण डेंग्यू-मलेरियापासून लघवीच्या जंतुसंसर्गापर्यंत काहीही असू शकतं. त्याचं खापर गोळीवर फोडून घरी बसू नका. रात्री गरम होत असेल तर साधे उपाय चांगले लागू पडतात. झोपण्याच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने अंघोळ करा. त्वचेकडचा रक्तप्रवाह वाढतो आणि शरीर आतून लवकर थंड व्हायला मदत होते. सुती गाऊन घाला, खोलीत वारा खेळू द्या.

मनगटावरचं घड्याळ किंवा बोटातली अंगठी तापमान मोजून 'आज बीज बाहेर पडलं' असं सांगत असेल, तर गोळी चालू असताना ते अजिबात मनावर घेऊ नका. ज्या चढावरून ती यंत्रं अंदाज बांधतात, तो चढच गोळीने काढून टाकलेला असतो.

झोपेचं काय? झोपेच्या प्रयोगशाळेत मेंदूच्या लहरी नोंदवून केलेल्या काही अभ्यासांत गोळी घेणाऱ्या बायकांची गाढ झोप किंचित कमी आणि हलकी झोप किंचित जास्त दिसली आहे. एकूण झोपेच्या तासांत मोठा फरक आढळत नाही. त्यामुळे "गोळी सुरू केल्यापासून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत टक्क जागी असते" असं कोणी सांगितलं, की मी आधी विचारते, "चहा किती होतो दिवसात?"

हा प्रश्न विषयांतर वाटतो, पण तसा नाही. चहा-कॉफीतल्या कॅफिनला यकृतातलं एक एन्झाइम मोडून काढतं. गोळीतलं इस्ट्रोजेन नेमकं त्याच एन्झाइमचं काम मंद करतं. साधारण माणसाच्या रक्तातलं कॅफिन निम्म्यावर यायला पाचेक तास लागतात. गोळी घेणाऱ्या बाईच्या शरीरात हाच वेळ जवळजवळ दुप्पट होतो. हिशेब मांडून पाहा. संध्याकाळी पाचला एक मोठा मग कॉफी घेतली, त्यात १०० मिलिग्रॅम कॅफिन होतं असं धरू. गोळी न घेणाऱ्या बहिणीच्या रक्तात रात्री दहाला त्यातलं निम्मं उरेल. गोळी घेणाऱ्या बाईच्या रक्तात निम्मं उरायला पहाटेचे तीन वाजतील. शिवाय सकाळचे दोन कप, अकराचा ऑफिसातला, पाहुणे आले म्हणून घेतलेला अर्धा, हे सगळं त्यावर साठत जातं. चहाच्या एका कपात कॉफीच्या निम्मं-तिम्मंच कॅफिन असतं, हे खरं. पण आपल्याकडे चहा एका कपावर थांबतो कुठे? जी बाई वर्षानुवर्षं साडेपाचला चहा पिऊन दहाला गाढ झोपत होती, तिचं काहीच बदललेलं नसतं, फक्त गोळी सुरू झालेली असते. मग संशय गोळीवर जातो. संशय चूक नाही, पण उपाय गोळी बंद करणं हा नाही. चहा दुपारी दोनच्या आत संपवा. नंतर हवा असेल तर गवती चहा-आल्याचा काढा घ्या, पण चहापत्ती न घालता. दोन आठवडे हे नेटाने करा आणि मग ठरवा. माझ्या मते झोपेसाठी याहून स्वस्त आणि चांगला उपाय नाही, आणि दवाखान्यात तो क्वचितच कोणी सांगतं.

डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असतं. पाकिटामागचा मजकूर वाचायची सवय लावा.

त्याच एन्झाइमवर अवलंबून असलेली आणखी दोन औषधं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. एक टिझॅनिडिन. मान आखडली, कंबर धरली की मिळणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांत हे बरेचदा मिसळलेलं असतं. गर्भनिरोधक गोळी चालू असताना रक्तात त्याचं प्रमाण कितीतरी वाढतं. मग विलक्षण गुंगी येते, उठताना चक्कर येते, रक्तदाब उतरतो. दुसरं मेलॅटोनिन. अंधार पडला की मेंदूतली एक ग्रंथी हे हॉर्मोन सोडते आणि शरीराला रात्र झाल्याचं कळवते. हल्ली त्याच्या गोड गोळ्या सर्रास विकल्या जातात. गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्या बाईच्या रक्तात बाहेरून घेतलेलं मेलॅटोनिन जास्त चढतं आणि जास्त वेळ राहतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं जड. नेटवर पाहून स्वतःच सुरू करण्यातली ही वस्तू नव्हे.

आता गोळीची वेळ. माझा कौल रात्रीच्या जेवणानंतरच्या वेळेला. गोळी घेतल्यावर तास-दोन तासांत तिचं रक्तातलं प्रमाण सर्वांत वर जातं आणि पहिल्या एक-दोन महिन्यांत मळमळ होते ती बहुधा त्याच वेळात. पोट भरलेलं असेल आणि तुम्ही अंथरुणावर असाल तर ती जाणवतही नाही. उपाशीपोटी सकाळी घेऊन "पित्त झालं" म्हणणाऱ्या बायकांपैकी अनेकींना फक्त वेळ बदलून आराम पडतो. दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली, तर मात्र ती गोळी पोटात गेलीच नाही असं समजून दुसरी घ्या.

रात्रीच्या वेळेचं आणखी एक कारण थायरॉइडच्या गोळीत आहे. माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. २१ हॉर्मोनच्या, आणि शेवटच्या सात लोहाच्या. थायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची असते, आणि लोह तिला आतड्यात शोषू देत नाही. दोन्हींत किमान चार तासांचं अंतर हवं. सोयीसाठी दोन्ही गोळ्या सकाळीच एका घोटात घेतल्या तर महिन्यातला आठवडाभर थायरॉइडचं औषध नीट लागूच पडत नाही. आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर लोहही वाया जातं.

नोकरीच्या पाळ्या बदलत असतील तर 'झोपायच्या आधी' ही वेळ उपयोगाची नाही, कारण झोपच रोज वेगळ्या वेळी येते. गोळीला झोपेशी नव्हे, घड्याळाशी बांधा. रुग्णालयातल्या नर्सताईंचं उदाहरण घेऊ. सकाळची ड्युटी असेल तर संध्याकाळी त्या घरी असतात. दुपारची असेल तर वॉर्डात, पण जाग्या आणि डबा सोबत. रात्रीची असेल तर संध्याकाळी निघायच्या तयारीत. म्हणजे तिन्ही पाळ्यांत संध्याकाळी सात-साडेसातला त्या नक्की जाग्या असतात. ती वेळ धरायची आणि मोबाइलवर रोजचा गजर लावायचा. पाकीट पर्समध्ये ठेवा, डबा खाऊन झाला की गोळी. स्कूटीच्या डिकीत मात्र ठेवू नका. मे महिन्यात तिथे औषधाची भट्टी होते. रात्रपाळी करून सकाळी घरी जाताना गॉगल लावा, खोलीला जाड पडदे लावा आणि ड्युटीच्या उत्तरार्धात चहा टाळा. कॅफिन तुमच्या शरीरात दुप्पट वेळ रेंगाळतंय, हे इथे सर्वांत जास्त भोवतं.

वेळेचा काटेकोरपणा सगळ्या गोळ्यांना सारखा लागत नाही. जोडीच्या गोळीला चोवीस तासांपर्यंत उशीर झाला तर आठवताक्षणी घ्या आणि पुढची नेहमीच्या वेळी. पूर्ण एक चुकली तरी तेच करा, मग एका दिवशी दोन घ्याव्या लागल्या तरी चालेल. लागोपाठ दोन किंवा जास्त चुकल्या तर शेवटची चुकलेली घ्या, पुढचे सात दिवस निरोध वापरा. हे पाकिटाच्या तिसऱ्या आठवड्यात झालं असेल तर हॉर्मोनच्या गोळ्या संपल्यावर लोहाच्या गोळ्या सोडून थेट नवं पाकीट सुरू करा. पहिल्या आठवड्यात झालं आणि संबंध आला असेल तर ७२ तासांच्या आत घ्यायच्या तातडीच्या गोळीबद्दल लगेच विचारा. नुसत्या प्रोजेस्टिनच्या गोळ्या, ज्या अंगावर पाजणाऱ्या आईला दिल्या जातात, त्यांचं गणित वेगळं. जुन्या प्रकारांत तीन तासांचा उशीरही चालत नाही. डेसोजेस्ट्रेलच्या गोळीला बारा तासांची मुभा आहे. आपली कोणती, ते पाकिटावर बघून ठेवा. (बाळ अंगावर पीत असेल तर ते सहा महिन्यांचं होईपर्यंत माला-एनसारखी जोडीची गोळी घ्यायची नसते.)

परदेशी जाताना गोंधळ होतो तो रात्रीच्या वेळेमुळे. मुंबईत रात्री नऊला गोळी घेणाऱ्या बाईसाठी न्यू जर्सीत तीच वेळ उन्हाळ्यात सकाळी साडेअकरा, हिवाळ्यात साडेदहा असते. मुलीच्या बाळंतपणाला गेलेल्या आईला हा प्रश्न बहुधा नसतो, पण नोकरीसाठी किंवा शिकायला जाणाऱ्या मुलींना असतो. चार दिवसांसाठी जात असाल तर फोनवर भारतातलं घड्याळ ठेवा आणि त्याच वेळी घ्या. कायमचं जात असाल आणि तिथलीही रात्रच हवी असेल, तर पहिली गोळी लवकर घेऊन वेळ सरकवा. लवकर घेतलेल्या गोळीने काही बिघडत नाही. उशिराची धोक्याची.

सणावाराचं बोललंच पाहिजे, कारण गौरी-गणपतीच्या आधी औषधांच्या दुकानांत 'पाळी पुढे ढकलायची गोळी' मागणाऱ्या बायकांची गर्दी होते. ती गोळी नॉरएथिस्टेरॉन, ५ मिलिग्रॅमची. पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून, दिवसातून तीनदा. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. ही गोळी गर्भनिरोधक नाही, हे अनेकींना ठाऊक नसतं. शिवाय हे हॉर्मोन माला-एनमधल्यापेक्षा बऱ्याच मोठ्या मात्रेत जातं आणि त्यातलं थोडं शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतं. पायाच्या शिरेत कधी गुठळी झाली असेल, घरात कोणाला तसा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नका. नणंदेच्या पाकिटातून तर नकोच. आणि तुम्ही माला-एनसारखी गोळी आधीच घेत असाल, तर या दुसऱ्या गोळीची गरजच नाही. लोहाच्या सात गोळ्या वगळून नवं पाकीट सुरू केलं की पाळी आपोआप पुढे जाते. देवाला पाळीचं वावडं असतं का, हा प्रश्न मी घरोघरच्या बायकांवर सोडते. माझं मत वाचकांनी ओळखलं असेलच.

आता सकाळच्या उठण्याचं. उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात रक्तातलं कॉर्टिसॉल हे हॉर्मोन सर्वांत वर जातं. शरीर दिवसाच्या कामाला लागतं ते त्याच्या जोरावर. गोळी घेणाऱ्यांमध्ये ही सकाळची उसळी थोडी बोथट दिसते. सकाळी सुस्ती वाटत असेल तर उठल्या उठल्या अंगणात, गच्चीवर, निदान खिडकीत उजेडात पंधरा-वीस मिनिटं घालवा. शरीराचं घड्याळ जुळवायला सकाळच्या उजेडाइतकी जबर खूण दुसरी नाही.

याच्याशीच एक व्यवहाराची गोष्ट जोडलेली आहे. इस्ट्रोजेनमुळे यकृत काही प्रथिनं जास्त तयार करतं, आणि कॉर्टिसॉल व थायरॉइड हॉर्मोन त्यांना चिकटून रक्तात फिरतात. त्यामुळे सकाळी आठला दिलेल्या रक्तात कॉर्टिसॉल फुगलेलं दिसू शकतं, एकूण टी-फोर वाढलेलं दिसू शकतं, आणि प्रत्यक्षात आजार काहीच नसतो. गोळी चालू आहे हे तपासणाऱ्याला ठाऊक नसेल तर पुढे स्कॅनपर्यंत प्रकरण जातं. थायरॉइडसाठी टीएसएच आणि फ्री टी-फोर पाहिलं की गैरसमज टळतो. मात्र आधीपासून थायरॉक्सिन घेणाऱ्या बाईला गोळी सुरू झाल्यावर मात्रा वाढवावी लागू शकते, म्हणून दीड-दोन महिन्यांनी टीएसएच पुन्हा करून घ्या.

रोजची गोळी जमत नसेल तर 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन आहे, ते तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं असतं. तिथे रोजच्या वेळेची कटकट नाही, त्यामुळे विसराळूपणावर ते चांगलं उत्तर आहे. पाळी अनियमित होणं, कधी डाग लागत राहणं, कधी पाळी बंदच होणं हे त्यात नेहमीचं. सोडल्यावर दिवस राहायला काही महिने जास्त लागतात, हेही आधीच माहीत असलेलं बरं. गर्भाशयात बसवायच्या हॉर्मोनच्या साधनातलं औषध मुख्यतः जागेवरच काम करतं. ते वापरणाऱ्या बऱ्याच जणींचं स्त्रीबीज बाहेर पडत राहतं आणि महिन्याची लाटही टिकते.

मन उदास राहत असेल तर ते झोपेच्या खात्यात टाकून मोकळ्या होऊ नका. डेन्मार्कमध्ये दहा लाखांहून जास्त स्त्रियांच्या नोंदी तपासून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हॉर्मोनची साधनं वापरणाऱ्यांमध्ये, विशेषतः किशोरवयीन मुलींमध्ये, नैराश्यावरची औषधं सुरू होण्याचं प्रमाण जास्त आढळलं होतं. बहुतेकींना असा त्रास होत नाही. ज्यांना होतो त्यांनी सहन करत बसण्याचं कारण नाही. गोळी बदलता येते, साधनही बदलता येतं.

मळमळ, मधूनच डाग, छाती दुखरी होणं या किरकोळ त्रासांना तीन महिने द्या. तेवढ्या काळात बहुतेक आपोआप मावळतात. तोवर वहीत किंवा कॅलेंडरच्या चौकोनात तीनच गोष्टी लिहा: गोळी किती वाजता, शेवटचा चहा किती वाजता, झोप कशी. डॉक्टरांपुढे असं पान ठेवलं तर बोलणं पाच मिनिटांत मुद्द्यावर येतं.

पण एका पायाची पोटरी सुजून दुखणं, अचानक धाप लागणं, छातीत दुखणं, कधी नव्हे असं भयंकर डोकं दुखणं, नजर अंधारणं किंवा बोलताना जीभ अडखळणं यांतलं काहीही झालं तर तीन महिने नाही, तीन तासही थांबू नका. गोळी बंद करा आणि रुग्णालय गाठा. रक्तदाब १४०/९० किंवा त्यावर असेल, अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा दिसत असतील, पस्तिशी उलटली असून धूम्रपान असेल, तर जोडीची गोळी तुमच्यासाठी नाही. मिश्री लावत असाल तर तेही लपवू नका. टीबीवरचं रिफॅम्पिसिन आणि फिटवरची काही औषधं गोळीचा असर घालवतात. तेव्हा तांबी किंवा इंजेक्शनचा विचार करावा लागतो.

बायका औषधांची यादी सांगताना बीपीची सांगतात, शुगरची सांगतात, आणि ही गोळी सांगायची राहते, कारण ती औषधच वाटत नाही किंवा चारचौघांत लाज वाटते. हाडांच्या डॉक्टरांकडे, दातांच्या डॉक्टरांकडे, रक्त तपासायला गेल्यावर, कुठेही "सध्या काय चालू आहे?" असं विचारलं की या गोळीचं नावही सांगा. तोंडाने सांगायचा संकोच वाटत असेल तर पाकीटच काढून टेबलावर ठेवा.